थिओनिलाच्या हातचा चहा

सलग चौथ्यांदा ब्लेझचा चहा रेजिनानंच आणून दिला.

बाकीच्यांना चहापाणी सांभाळणारी थिओनिला मावशी स्वतःच्या हातानं कप देत होती; रेजिना तिच्या हाताखालची पोरगी. युद्ध, सुरक्षा आणि संघर्ष-निवारण या विषयावर बोलायला बोगनव्हिल बेटावरच्या आरावात चाळीस विद्वान जमले होते, आणि कोणाला किती साखर लागते हे मावशीनं पहिल्याच दिवशी पाठ केलं होतं. कॅनबेराहून आलेल्या निवृत्त कर्नलला तर ती बळंबळं दुसरं रताळं वाढायची. ब्लेझ सिपारी समोर आला की मात्र ती कप टेबलावर ठेवायची, मागे सरायची आणि म्हणायची, "रेजिना, यांना दे गं."

ब्लेझ फिजीत, सुवाच्या विद्यापीठात शिकवत असला तरी जन्मानं बोगनव्हिलचाच, मागच्या डोंगरातला. त्याला हे लागलं. चहाच्या सुट्टीत त्यानं क्लेमेंटला गाठलं. क्लेमेंट परिषदेचा आयोजक आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"मी काही वावगं बोललो का रे तिला?"

"काय बोललास?"

"काहीच नाही. पहिल्या दिवशी कप पुढे केला, कुठल्या गावचा म्हणून विचारलं. मी सांगितलं. तर कप खालीच ठेवला."

क्लेमेंट पोट धरून हसला. "अरे येड्या, तिला लग्नाची मुलगी आहे. शाळेत शिकवते, चाळिशीची, तुझ्यासारखीच राहून गेलेली. आपल्याकडे सासू जावयाच्या हातात काही थेट देते का? डॉक्टर झालास आणि एवढं कळेना?"

ब्लेझ ओशाळून हसला. पंचेचाळिसाव्या वर्षी कोणी आपल्याला जावई म्हणून हेरावं, हे त्याला थोडं सुखावूनही गेलं.

दुपारी त्याचा निबंध होता. कर्नलनं आधी बाणांचे नकाशे दाखवून निम्मं सभागृह झोपवलं होतं. ब्लेझ उभा राहिला तेव्हा मावशी खिडकीबाहेर बशा पुसत होती.

मारणारे आणि मेलेल्याच्या घरचे पूर्वी एकमेकांच्या हातचं खात नसत, असं त्यानं सांगितलं. हाडं परत आली, पुरली, वर नारळ लावला, की दोन्ही घरं एकत्र सुपारी खायची. "मी एकशेचाळीस मुलाखती घेतल्या," तो म्हणाला. "ही रीत पाळणारं एकही माणूस मला भेटलं नाही. ती संपली, असंच म्हणावं लागतं."

मग निबंधात नसलेलं बोलला. त्र्याण्णव साली, बेटावर युद्ध चालू असताना, त्याचा थोरला भाऊ पायस मिठासाठी डोंगर उतरला तो परत आला नाही. वीस वर्षांचा होता. "मला कोणाला शिक्षा नको आहे. नावही नको. आई ब्याऐंशीची झाली. तिला पुरायला काहीतरी हवंय."

एक गोष्ट त्यानं तेव्हाही सांगितली नाही. लहानपणी त्यानं मारलेल्या दगडानं पायसचा पुढचा दात अर्धा तुटला होता. पायसनं आईला सांगितलं, झाडावरून पडलो. मरेपर्यंत त्यानं धाकट्याचं नाव घेतलं नाही. ब्लेझनंही आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

टाळ्या झाल्या. कर्नलनं विचारलं, एकशेचाळीस हा नमुना पुरेसा आहे का.

ब्लेझ बाहेर आला तर मावशीच्या हातात अजून तीच बशी होती. त्यानं खिशातली सुपारी तिच्यापुढे धरली. सुपारीला या बेटावर कोणी नाही म्हणत नाही.

"ठेव तिथं," ती म्हणाली. त्यानं कठड्यावर ठेवली. तिनं हात लावला नाही.

"आई जेवते का रे तुझी?"

"थोडंसं. आधी पायसचं ताट काढते, मग बसते."

"अजून?"

"अजून."

मावशी तोंड फिरवून आत गेली. दारात उभ्या क्लेमेंटनं डोळा मारला. "विहिणीची चौकशी झाली. आता तारीख काढा."

तिसऱ्या दिवशी मावशी आलीच नाही. चहा रेजिनानं केला आणि तो पाणचट झाला. "पहाटेच वर गावाला गेली," ती म्हणाली, "भावाला बरोबर घेऊन." क्लेमेंटच्या मते ती मुलीला आणायला गेली होती. ब्लेझनं त्याला गप्प बसवलं, पण शर्ट मात्र इस्त्रीचा घातला, आणि समारोपाची भाषणं चालू असताना त्याचं लक्ष दाराकडेच होतं.

संध्याकाळी विमानतळाकडे जाणारा ट्रक सुरू झाला तेव्हा ती आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर नवी विणलेली टोपली. मुलगी नव्हती. बरोबर एक म्हातारा होता, तो रस्त्यापलीकडेच झाडाखाली थांबला आणि त्यानं मान वर केली नाही.

"घ्या, आहेरही आला," क्लेमेंट ट्रकमधून म्हणाला.

मावशीनं टोपली ब्लेझच्या हातात दिली नाही. दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरली. वर केळीची पानं होती, पानांखाली पांढरं धुतलेलं कापड, नीट बांधलेलं.

"पुढचा दात अर्धा तुटका आहे, बघून घे," ती म्हणाली. "आईला पुरू दे, वर नारळ लावू दे. मग ये. चहा मी माझ्या हातानं देईन."