लॉनीच्या निरोपाचं लोणचं

गावच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, लॉनी मोठ्या शहराच्या संघात खेळायला निघाला होता. गावातला हा त्याचा शेवटचा सामना. तो संपला की मोटार त्याला तडक विमानतळावर नेणार. व्हर्नाआजी निरोपाचे गोड शब्द घोकून, त्याच्या आवडीच्या काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन पहिल्या रांगेत बसली.

पण लॉनीने असे काही चेंडू टाकले, की समोरच्या एकालाही धड फटका मारता येईना. असा विक्रम होत असताना पिचरशी चकार शब्द बोलायचा नाही, दृष्ट लागते, हा तिथला कडक नेम. सगळा गाव ओठ शिवून बसला. म्हाताऱ्या अर्लने तर शिंकही टोपीत घेतली.

"आजी, निघालो हं मी," लॉनी कुंपणाशी येऊन म्हणाला. आजी आभाळाकडे बघत राहिली.

समोरच्यांचा शेवटचा गडी उरला. लॉनीने सुस्कारा सोडून, बाळाला घास भरवावा तसा अलगद चेंडू टाकला. गड्याने तो पार नदीत धाडला. विक्रम हुकला.

"आता तरी बोला!" लॉनी कुंपणाकडे धावला.

"गाढवा! असा टाकतात चेंडू? चालता हो!" आजीने बरणीच भिरकावली.

लॉनीने ती झेलली, डोळे पुसले. "हां, आता कसं घरून निघाल्यासारखं वाटतंय!"