दाताचे गहू

आणखी एक लाळेरं भिजून चिंब झालं, तेव्हा रुदैनाने ते जवादच्या गळ्यातून ओढून काढलं आणि थेट सासूच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"खाला, ही दाताची लाळ नाही! सकाळपासून दूध घेत नाहीये तो. तोंडात घेतो नि तसंच बाहेर सोडतो."

उम्म घस्सान चुलीवरच्या पातेल्यावर वाकली होती. उकडलेल्या गव्हाच्या वाफेने तिचा चेहरा लाल झाला होता. तिने सावकाश मान वळवली, नातवाच्या ओल्या हनुवटीकडे कौतुकाने पाहिलं आणि हसली.

"दात येतोय, दात! घस्सानची पण अशीच गळायची."

आणि ती गव्हावर संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडायला लागली.

रुदैनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने जवादच्या हिरड्यांवरून बोट फिरवून पाहिलं होतं. हिरडी मऊ होती, कुठे सूज नव्हती, टोक नव्हतं. पण बाळाचा पहिला दात आला की गहू उकडून वाटायची रीत, आणि म्हातारीने कालची लाळ पाहूनच गल्लीभर आमंत्रणं दिली होती. नवरा, घस्सान, कतारमध्ये. तो इथे असता तरी आईपुढे गप्पच बसला असता.

"निदान बायकांना उद्या बोलवा," रुदैना म्हणाली. "मी त्याला डॉक्टरकडे नेते."

उम्म घस्सानने वळूनही पाहिलं नाही. बदाम सोलत राहिली.

दुपारी बायका आल्या. गव्हावर डाळिंबाचे दाणे आणि साखरेतले बदाम पसरले गेले. जवादला मधोमध पांढऱ्या चादरीवर बसवलं. उम्म घस्सानने त्याच्या डोक्यावर मूठभर गहू सोडले, बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या केल्या. जवाद हसला नाही, रडलाही नाही. त्याच्या तोंडातून लाळेची तार छातीपर्यंत लोंबत होती. मग तो ठसकला. लाळ नाकातून आली.

रुदैनाने त्याला झडप घालून उचललं.

"बस झालं! मी दवाखान्यात चाललेय."

उम्म घस्सान दारात आडवी आली. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "दे त्याला माझ्याकडे. तू आधी पाहुण्यांना वाढून घे."

बायकांत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पहिलटकरीण आहे, घाबरते बिचारी."

"तुमच्या नातवाचा जीव चाललाय आणि तुम्हाला वाढपाची पडलीय?" रुदैना किंचाळली. म्हातारीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिला खांद्याने बाजूला ढकलून रुदैना जिना उतरली. मागे गव्हाचं ताट पडल्याचा आवाज आला. ती थांबली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जवादचं तोंड उघडून पाहिलं, छातीचा फोटो काढवला. काचेवर लावलेल्या फोटोत गळ्याच्या खाली एक पांढरा, स्वच्छ गोल दिसत होता.

"लाळ सगळ्याच बाळांची गळते," त्या म्हणाल्या. "गिळायचं नीट जमत नाही त्यांना. पण याची गिळायची वाटच बंद झालीय. बटणाएवढी बॅटरी आहे ही. अशी बॅटरी आतून जाळत जाते. आत्ताच काढावी लागेल. घरात कशात असते असली बॅटरी?"

रुदैना आठवू लागली. जवादची खेळणी लाकडाची होती. घड्याळ भिंतीवर उंच होतं. मग तिला आठवलं. घस्सानने गेल्या महिन्यात आईसाठी पाठवलेलं कानाचं यंत्र. म्हातारीला त्याची एवढी लाज, की चार बायकांत ती ते रुमालाखाली दडवायची. ते आल्यापासून तिला स्वयंपाकघरातली कुजबुजसुद्धा ऐकू यायची, आणि प्रत्येक कुजबुजीचा जाब ती मागायची. रोज सकाळी जवादला मांडीवर घेऊन ती त्यात बॅटरी घालायची आणि ते कानात बसवायची.

जवादला आत नेलं. दार बंद झालं. रुदैना त्या दारासमोर उभी राहिली आणि मनातल्या मनात सासूसाठी एकेक शब्द तासत राहिली. आजवर गिळलेलं सगळं. लग्नातले टोमणे, बाळंतपणातले टोमणे, आजचं ते हसणं.

दार उघडलं. "निघाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं भाजलंय. दोन-चार दिवस इथेच ठेवू, पण भरून येईल. वेळेवर आणलंत."

रुदैनाने भिंतीला डोकं टेकलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. उम्म घस्सान घरातल्याच सपाता घालून, धापा टाकत वर येत होती. तिच्या बाह्यांना अजून गहू चिकटलेले होते.

रुदैना तिच्या अंगावर धावून गेली.

"तुमच्या कानातली बॅटरी होती! तुमच्या मांडीवर गिळली त्याने! सकाळपासून घसा फोडून सांगतेय, गिळत नाहीये, गिळत नाहीये! आणि तुम्ही बदाम सोलत बसलात! मेला असता तो, ऐकताय? तुमच्या गव्हात मेला असता!"

कॉरिडॉरमधली माणसं उठून उभी राहिली. एक परिचारिका धावत आली.

उम्म घस्सान रुदैनाच्या ओठांकडे एकटक बघत होती. तिने रुदैनाचं मनगट घट्ट धरलं आणि तोंड तिच्या जवळ नेऊन, आजूबाजूच्यांना कळू नये इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"जरा मोठ्याने बोल गं पोरी. आज सकाळपासून यंत्र बंद पडलंय, मला एक शब्द ऐकू आलेला नाही. तू दिवसभर काय सांगत होतीस मला?"