कडुलिंबाचा पाला

ॲसिडात बुडवलेली लोखंडी पट्टी मंजुश्रीला मिटल्या डोळ्यांनीही दिसायची. कडुलिंबाच्या पाल्याचा रस पांघरून हिरवट पाण्यात गाढ झोपलेली. त्या रसानं लोखंडाची झीज किती थांबते, हेच तिचं लातूरच्या कॉलेजातलं संशोधन.

उदगीरच्या घरी ती आईला तेच सांगत होती. बाहेर कपाळभर भस्म लावलेला बाप गरजत होता, "बास झालं शिकणं! लातूर बंद!" आई दाराला पाठ लावून उभी होती. तिच्या गालावर त्याची बोटं उमटली होती.

"वरडू दे त्यान्ला. तू सांग. पाल्यानं ॲसिड नरम पडतंय व्हय?"

"न्हाई अव्वा. ते तसंच जहाल राहतंय. पाला लोखंडाला चिकटून बसतो, मार सोता खातो."

"आन् मग पाल्याचं काय होतंय?"

मंजुश्रीची नजर आईच्या गालावर गेली. पट्टी ती रोज धुवायची, पुसायची, काट्यावर तोलायची. पाल्याचं पाणी मोरीत ओतून द्यायची.

तिनं लातूरची बॅग उघडली आणि पुस्तकांवर आईच्या साड्या ठेवल्या.