पुसलेला अंगठा

फुकट चित्रं दाखवून मास्तरांना काय सुटणार, याचा अदमास मेंढरं राखणाऱ्या मनकर्णाबाईला सेलूच्या शाळेत शिरतानाच आला: दारात वही होती, शेजारी अंगठ्याची शाई. मागल्या लढाईतही गावात चित्रं लावली होती, रुबाबदार शिपायांची. तिनं भरतीच्या कागदावर अंगठा उठवला, थोरला लेक येडबा फौजेत गेला आणि परत आली ती तार. इथल्या भिंतीवर परदेशातल्या युद्धस्मारक-संग्रहालयातली, ठशानं छापलेली काळी चित्रं होती. एकात आईनं मेलेलं लेकरू उराशी धरलेलं. “हिनं बी अंगठा दिल्ता का, मास्तर?” “अहो मावशी, हा अंगठा लढाई नको म्हणून आहे!” “तवाबी भल्यासाठीच म्हणले व्हते.” सोबत आलेल्या धाकट्या लेकाचा, अंगदचा, शाईत बुडालेला अंगठा तिनं पदरानं खसाखसा पुसला आणि त्याला ओढत घरी नेलं. संध्याकाळपर्यंत लढाईविरुद्ध ऐंशी अंगठे वहीत उठले. लढाईची किंमत जिनं मोजली, तिचा तेवढा राहिला.