पाहुण्यांचा चहा

“घ्या म्याडम, चहा घ्या,” असं राजाक्का वर्षभर म्हणत आली आणि दर खेपेला कपात चहा कसला, पाकच असायचा. साखर कमी कशी करावी हे गावोगाव समजावून त्याचा परिणाम अभ्यासणाऱ्या शलाकानं तो निमूट घशाखाली घातला होता. साखर कारखान्याच्या सभासदांचं हे गाव. इथं साखर सुटणार नाही, असंच ती अहवालात लिहिणार होती.

आज शेवटची भेट. राजाक्कानं नुसता कप पुढं केला. शलाकानं नेहमीसारखे डोळे मिटून घोट घेतला आणि ती चरकली. चहात साखरेचा कणही नव्हता. या गावात पाहुण्याला असा फिका चहा देणं म्हणजे परत येऊ नका असं सांगणं, हे एव्हाना तिला पक्कं ठाऊक होतं.

“आक्का, माझं काही चुकलं का?”

“कुठलं चुकतंय! घरात आमी दिवाळीपासनं असाच पितो,” राजाक्का आपला कप उचलत म्हणाली. “गोड करायचा तो पाहुण्यांसाठी. तू आता पाहुणी कुठं राहिलीस, पोरी?”