कार्डाची मुदत

राष्ट्रीय उद्यानाला स्वयंसेवक वनरक्षक हवे होते. अमरावतीची मंडळी कॅमेरे, टोप्या आणि निसर्गप्रेम घेऊन रांगेत उभी होती. सगळ्यांच्या पुढे अकोटजवळच्या पुनर्वसित वस्तीतले सत्तरीचे मोतीराम बेठेकर. हातात फक्त काठी.

"बाबा, या वयात ही हौस कशाला?" अर्ज घेणाऱ्या वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

"जंगलातून आमचं गाव उठवलं, तवापासून बिगर कार्डाचं आत सोडत नाई. बायको तिथंच पुरली हाये, साहेब."

साहेब विरघळले. त्यांनी जुन्या गावठाणावरचीच गस्त दिली आणि कार्डावर स्वतः शिक्का मारला. मुदत एक वर्ष.

मोतीरामांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.



"साहेब, मी मेल्यावर मले आत न्याले हेच चालते ना?"