पालथे तळवे

वीज पुरवणारं धरण इतकं आटलं की पाण्याखाली गेलेलं कब्रस्तान उघडं पडलं, आणि देशभर वीज जायला लागली. म्हणून काठावर मेंढी कापून सारा गाव पावसाची दुआ मागत होता, रीतीप्रमाणे तळवे जमिनीकडे वळवून. बुरुलआजीचे हात मात्र बाह्यांतच राहिले. समोरच्या चिखलात तिच्या थोरल्या लेकराची वीतभर कबर होती. पाऊस पडला की ती पुन्हा बुडणार. सकाळीच तिने मेलेल्यांच्या नावाने तळायचे कणकेचे गोळे, बोरसोक, तिथे नेऊन ठेवले होते. “आई, हात उचला ना!” सून कुजबुजली. “सरकारने कबूल केलेली सूर्याची वीज येईल तेव्हा येईल. येत्या हिवाळ्यात पोराला काय तुमच्या हट्टाची ऊब देऊ?” सुनेच्या कडेवरचा नातू खोकला. तस्साच खोकला आजीला कबरीकडूनही ऐकू आला. थोरला असाच गारठून गेला होता. हात बाहेर काढून तिने पालथे केले. ती पुटपुटली, “बाळा, पांघरूण येतंय. ओढून घे.”